दुपारची मेनफ्रेम

"डबा पोचला की पुढचा वेळ कुणाच्याच नावावर नसतो, मग तो मी घेतला तर कुणाचं काय बिघडलं?" असं उज्वला एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता तिचं बोट परातीतल्या पिठात स्वल्पविराम काढत होतं, पुसत होतं, परत काढत होतं.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची, लातूरची गोष्ट. तेव्हा लातुरात नुसती मुलं शिकायला येत नसत, अर्धी घरं शिकायला येत. एखादा पोरगा बारावीच्या क्लाससाठी आला की त्याच्यामागून गादी यायची, शेगडी यायची, पिठाचा डबा यायचा आणि रांधायला आई, आत्या नाहीतर वहिनी यायची. उज्वला ही अशी आलेली वहिनी. चाकूरजवळच्या खेड्यातून, धाकट्या दिराला डॉक्टर करण्यासाठी. दिराचं नाव मन्मथ. नवरा सिद्धराम गावाकडं शेती बघायचा. सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, खोली ठरवून दिली, पाण्याची घागर स्वतः उचलून आत ठेवली आणि सुनेला म्हणाले, "पोराचं खाणं येळेवर. बाकी लातुरात तुला काम न्हाई."

बाकी काम नव्हतंच. उजाडायच्या आत मन्मथ फिजिक्सला पळायचा, तिथून केमिस्ट्रीला, तिथून कॉलेजला. दुपारचा डबा क्लासच्या फाटकावर नेऊन द्यायचा, की संध्याकाळपर्यंत सगळी दुपार पत्र्यावर तापत पडलेली.

उज्वलाला रिकामं बसता यायचं नाही. तिचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. त्र्याण्णवच्या त्या पहाटे घर बसलं. बाहेर अंगणात झोपलेली माणसं वाचली, आत झोपलेली चुलती गेली. भूकंपानंतर त्या गावांत माणसं दोन तऱ्हेची झाली. काही जागची हलेनाशी झाली, काही कुठं थांबेनाशी झाली. उज्वला दुसऱ्या तऱ्हेची. वर्षभरानं पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्याशा संस्थेनं मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला, तेव्हा तिथं सगळ्यांच्या आधी जाऊन बसली ती हीच. निम्म्या शब्दांचा अर्थ कळत नसताना दहाही बोटांनी इंग्रजी बडवायला शिकली. बारावी झाली. मग लग्न झालं आणि दहाही बोटं भाकरी थापायला लागली.

एका दुपारी डबा देऊन ती गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या बोळातून परत येत होती. गाद्यांच्या एका दुकानाच्या माडीवरून कुणीतरी मुलगी ओरडली, "गलत! कॉमा कुठाय? वापस!" खुर्ची सरकली. चार माणसं हसली. परत तोच आवाज, "वापस म्हटलं ना! मशीन कुणाचं ऐकत नस्ते!"

भांडण आहे असं वाटून उज्वला थांबली. भांडण कशाचं ते कळेना म्हणून जिना चढली.

वर पत्र्याची लांब खोली. भिंतीवर फळा. मधोमध एका रांगेत पाच खुर्च्या आणि त्यांवर पाच माणसं, कुणी कुणाकडे न बघता बसलेली. पहिल्यानं एक कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि दुसऱ्याकडे सरकवला. दुसऱ्यानं तो गठ्ठ्यात खाली ठेवला आणि वरचा काढून तिसऱ्याला दिला. तिसरा ओठ हलवत बेरजा करत होता. शेवटच्या खुर्चीत ओढणी कमरेला बांधलेली एक मुलगी कागदाची वाट बघत होती, झडप घालायच्या तयारीत. रांगेच्या टोकाशी पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा एक माणूस उभा होता. त्या तापल्या पत्र्याखालीही त्याच्या बोलण्यात गारवा होता.

"काय पाहिजे, ताई?"

"काही न्हाई. भांडण कशाचं लागलंय?"

"भांडण कुठलं? काम चालू आहे. ही मेनफ्रेम आहे."

उज्वलानं खोलीभर नजर फिरवली. "कुठाय?"

"ही काय, बसलेली!" तो म्हणाला आणि रांगेतले चौघं एकदम हसले. शेवटची मुलगी मात्र हसली नाही. ती छपाईयंत्र होती.

तो माणूस निजामोद्दीन. लातूरचाच, गाद्या भरणाऱ्या घरातला. तरुणपणी हैदराबादला गेला आणि तिथल्या एका सरकारी केंद्रात मोठ्या संगणकावर, म्हणजे मेनफ्रेमवर, लागला. घराएवढं ते यंत्र. त्याला थंड ठेवावं लागे, म्हणून माणसांनी मे महिन्यात स्वेटर घालून टेपा चढवायच्या आणि उतरवायच्या, बाहेरून आलेली कामं रांगेत लावायची, निघालेले कागद फाडून द्यायचे. भूकंपाच्या वर्षी लातुरात त्याच्या म्हाताऱ्या आईनं भीतीनं अन्न सोडलं, तेव्हा तो नोकरी सोडून आला आणि भावाच्या दुकानात कापूस भरायला लागला. मग दोन हजार सालाची बातमी आली. जुन्या यंत्रांत साल लिहायला दोनच आकड्यांची जागा. दोन हजार साल उजाडलं की यंत्रांना ते एकोणीसशे वाटणार, आणि जगभरच्या बँकांचे, विम्यांचे हिशेब शंभर वर्षं मागे जाणार. हैदराबादच्या कंपन्यांना ती जुनी भाषा येणारी माणसं हवी होती, आणि माणसं मिळत नव्हती. पेपरातली ही बातमी वाचून निजामोद्दीन दुकानात कापसाच्या ढिगावर उभा राहून ओरडला, "अरे, ये तो मेरेकू आता है!" हे त्याची मुलगी कहकशां सांगायची. छपाईयंत्र झालेली ती हीच.

पण लातुरात मेनफ्रेम नव्हती. म्हणून त्यानं ती माणसांची केली. कागदावर चौकटी आखून त्यात काम लिहायचं, एका चौकटीत एक अक्षर. कागद पहिल्या खुर्चीकडे द्यायचा, आपण मागे जाऊन बसायचं, हात मांडीवर. आत काय चाललंय ते डोकावून बघायचं नाही, विचारायचं नाही. काम पुरं झालं किंवा अडलं की कहकशां नाव घेऊन हाक मारणार. तोवर यंत्र यंत्राचं, माणूस माणसाचा. हा नियम निजाम सरांनी फार कडक ठेवला होता, कारण सुरुवातीला शिकणारे कहकशांच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि तिनं दोघांना पट्टीनं मारलं होतं.

"मला शिकवाल का?" उज्वलानं विचारलं.

"कवा येणार?"

"तेच तर. मला दुपारीच यायला येतं. त्यातबी रोज न्हाई. पाहुणे आले, सण आला, तर न्हाई."

"मग दुपारी या. रोज नका येऊ."

"बॅच?"

"बॅच नसती माझ्याकडे," निजाम सर म्हणाले. "पायऱ्या असत्यात."

भिंतीवर तेलरंगानं सात आडव्या रेघा ओढल्या होत्या. प्रत्येक रेघेवर खिळे, आणि खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले, एकेका शिकणाऱ्याच्या नावाचे. तळाची रेघ यंत्राचे भाग ओळखण्याची, सगळ्यांत वरची बिघाड शोधण्याची. एक पायरी आली की बिल्ला वर जाणार. पण पायरी आली हे ठरवायची रीत वेगळी होती. परीक्षा द्यायची, आणि पास झाल्यावर ती पायरी खालच्या माणसाला आपण शिकवायची. तो पास झाला तरच आपला बिल्ला वर. किराणा दुकानदार सकाळी शटर उघडायच्या आधी यायचे, एक कंपाउंडर दोन पाळ्यांच्या मध्ये यायचा, यासेर नावाचा रिक्षावाला सवारी नसेल तेव्हा रिक्षा बोळात लावून वर यायचा. महिनाभर कुणी आलं नाही तरी बिल्ला जिथं होता तिथंच. खाली येत नसे.

आणि हे लातुरात, जिथं दर रविवारी क्लासच्या बोर्डावर मुलांचे नंबर लागायचे आणि दर रविवारी कुणीतरी घसरायचं!

उज्वला साड्यांना फॉल लावून, पिको करून फी भागवायची. तिच्या पहिल्या कामाचा कागद पहिल्याच खुर्चीनं परत केला. दुसरा दुसऱ्या खुर्चीपर्यंत गेला. तिसरा कहकशांपर्यंत पोचला तेव्हा उज्वला मागे बसल्याजागी मुठी आवळून होती.

"उज्वलाबाई चाकूरवाले!" कहकशांनं हाक मारली.

"आले!"

"गलत. ओळ संपली न्हाई तर कॉमा लागतो. तुमी ओळ सोडून दिल्या आन् कॉमा विसरल्या."

"एका कॉमासाठी आख्खं काम?"

"एका कॉमासाठी. मशीनला काय, तुमी नव्या आहात का जुन्या?"

त्या दिवसापासून स्वल्पविराम तिच्या मागे लागला. पिठात, कणकेवर, पाटावर सांडलेल्या पाण्यात. नळावर घरमालकीण म्हणायची, "काय गं, बोटानं काय लिहितीस? करणी-बिरणी शिकलीस की काय?" उज्वला म्हणायची, "मेनफ्रेम शिकायलेय." "चष्म्याची?" "न्हाई काकू. बँकेची." यावर घरमालकीण पुढचं विचारायची नाही, कारण बँक म्हटली की विचारायची सोय नसते.

मन्मथला आठवड्याभरातच कळलं. अभ्यासाला एकच दिवा, त्याच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला वहिनी.

"वहिनी, तुमची टेस्ट कधी?"

"आलं की देणार."

"म्हंजे? तारीख न्हाई?"

"न्हाई. आलं की द्यायची."

मन्मथनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमच्याकडं तारीख आधी येती, आणि येणं मागून." आणि पुस्तकात तोंड घातलं. पुढं तो तिचे कागद तपासायला लागला. फिजिक्सचा कंटाळा आला की म्हणायचा, "आणा, मी कहकशां होतो," आणि बारीक आवाज काढून ओरडायचा, "गलत!" दोघं हसत सुटायची. शेजारची मुलं भिंतीवर थापा मारायची, अभ्यास चाललाय म्हणून.

मार्गशीर्षात उज्वलाला येळवशीला गावाकडं जावं लागलं. लातूरकडची ती अमावस्या. सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. त्यानंतर सासूबाईंचं दुखणं निघालं, मग हरभऱ्याची काढणी. ती परत माडीवर आली ती आधी भिंतीकडं बघतच. भिंतीवर तिचा बिल्ला तिसऱ्या रेघेवर, तिनं लावला तसाच होता. कोपऱ्यात उंदरांनी कागदांचा गठ्ठा कुरतडला होता, फळ्यावर नवे शब्द होते, यासेर दोन पायऱ्या पुढं गेला होता. पण तिची जागा कुणी घेतली नव्हती. तिनं बिल्ला हातात घेतला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाली, "हं. द्या कागद."

तिला सुरुवातीला शिकवणंच जड गेलं. खालच्या पायरीवर एक निवृत्त तलाठी होते. ते तिला म्हणाले, "बाळ, तू मला शिकवणार?" ती म्हणाली, "काका, मी न्हाई शिकवलं तर मीबी इथंच आणि तुम्हीबी इथंच." तलाठ्यांना हे पटलं. त्यांना रांग समजावून सांगता सांगता तिला स्वतःलाच ती पहिल्यांदा नीट समजली. एकाच यंत्रात शंभर कामं एकदम जातात, कुणाचं काम कुणाच्या कामात मिसळत नाही, कुणाचं हरवत नाही, आणि ज्यानं काम दिलं तो तिथून उठून गेला तरी काम चालूच राहतं. त्या दुपारी ती घरी धावत आली. मन्मथ दारात भेटला तेव्हा तिला धाप लागली होती. "कळलं!" ती म्हणाली. "काय?" "सगळं!" आणि सगळं म्हणजे काय ते तिला सांगता येईना, म्हणून तिनं त्याला शिरा करून घातला.

मे महिन्यात बातमी आली. हैदराबादची एक कंपनी नांदेडला नवं ऑफिस काढणार. माणसं इथलीच घेणार, परीक्षा नांदेडला. निजाम सरांनी तिघांची नावं पाठवली: वरच्या पायरीवर पोचलेला यासेर, कंपाउंडर आणि उज्वला.

"आमी खरं मशीन पायलेलं न्हाई, सर," यासेर म्हणाला.

"मी पायलोय ना," निजाम सर म्हणाले. "मी पायलो ते तुमच्या डोक्यात घातलो. आता तिकडे जाऊन फक्त ओळख करून घ्यायची."

तिघांबरोबर निजाम सर आणि कहकशांही निघाले. नांदेडची एसटी चाकूरवरून जाते. स्टँडवर गाडी थांबली आणि खिडकीबाहेर सिद्धराम उभा. तिनं निरोप पाठवला होता, पण तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. डोक्याला टॉवेल, हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी. पिशवी खिडकीतून आत देताना तो इकडंतिकडं बघत होता.

"आप्पाला ठाऊक न्हाई आजून," तो म्हणाला.

"मी सांगू?"

"तू नको. तू पास हो. पास झालीस की आप्पाला मी सांगतो. माझ्यावर सोड."

"तुमी? आप्पापुढं तुमी जेवताना मीठ बी मागत न्हाई!"

कहकशां खिडकीशेजारी बसून ऐकत होती, तिला ठसका लागला. सिद्धरामही हसला. गाडी निघाली तेव्हा तो गाडीबरोबर चार पावलं चालला आणि मोठ्यानं म्हणाला, "सांगतो म्हटलं ना! नोकरी लागू दे, नांदेडला जाय तू!" स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. उज्वलानं पदर तोंडावर घेतला. पण पदराआड तिचं तोंड फुललं होतं, आणि लोहा गाव येईपर्यंत ती शेंगा सोलून सगळ्या गाडीला वाटत होती.

नांदेडला स्टेशनाजवळच्या एका हॉलमध्ये कंपनीनं सहा टर्मिनल मांडले होते. पडदा आणि कळफलक एवढंच. खरं यंत्र हैदराबादला, मध्ये टेलिफोनची तार. हॉल गार केलेला. निजाम सरांनी पिशवीतून जुना स्वेटर काढला आणि नांदेडच्या मे महिन्यात अंगावर चढवला. दरवान त्यांच्याकडं बघतच राहिला. त्यांना आत सोडणार नव्हते, तरी काचेपलीकडं ते स्वेटर घालून उभे राहिले.

परीक्षा घेणारे चंद्रप्पा नावाचे, मूळचे बीदरकडचे. मराठी बोलायचे, कानडी हेल काढून. त्यांनी काम दिलं: ग्राहकांच्या दोन याद्या एकत्र करायच्या, क्रमानं लावायच्या, छापून काढायच्या. तासाभरात.

उज्वलानं कळफलकावर बोटं ठेवली. किती वर्षांनी! पहिल्या दोन ओळी चुकत गेल्या, मग शेडमधला तो टकटकाट बोटांत परत आला. बाकीचे एकेक अक्षर शोधत असताना तिचं काम लिहून झालं. तिनं ते यंत्राला दिलं आणि हात मांडीवर घेऊन सरळ बसली.

पलीकडं यासेरनंही काम दिलं आणि हात मांडीवर घेतले. कंपाउंडरनंही.

वेळ जात होता. बाकीची मुलं वाकून वाकून पडद्यात बघत होती, घाम पुसत होती. ही तिघं फोटो काढायला बसल्यासारखी. काचेपलीकडं निजाम सरांना काहीतरी चुकतंय हे कळलं, काय ते कळेना. ते हातवारे करायला लागले, तसा दरवानानं त्यांना मागं सारलं.

चंद्रप्पा फिरत फिरत आले. "काय बाई, अडलं का?"

"न्हाई सर. काम दिलंय मी."

"मग काय करायलात?"

"वाट बघायलेय."

"कशाची?"

"हाक मारतील की."

"कोण?"

उज्वलाच्या तोंडून निघून गेलं, "कहकशां."

चंद्रप्पांनी यासेरकडं बघितलं. यासेरनं गंभीरपणे मान हलवली. चंद्रप्पांना सगळी हकीकत कळायला दोन वाक्यं लागली आणि हसू आवरायला त्याहून जास्त. "अरे देवा," ते डोळे पुसत म्हणाले, "बाई, ही मशीन हाक मारत नाही हो. ती आपलं उत्तर एका कोपऱ्यात ठेवून गप्प बसते. जाऊन बघावं लागतं. बघा, बघा, वेळ संपत आला."

उज्वलानं बघितलं. उत्तर केव्हाचं येऊन पडलेलं. काम अडलं होतं. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नव्हता.

राग आला, मग हसू आलं, सगळं एकदम. तिनं ओळ शोधली, स्वल्पविराम दिला, काम परत पाठवलं. या वेळी ती खुर्चीच्या टोकावर आली आणि पडद्याला नाक लावून बघत राहिली. काम झालं का म्हणून यंत्राला विचारलं, नाही. परत विचारलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं आणि पडद्यावर ते आलं.

"शून्य!" उज्वला ओरडली. "शून्य आलं! सर, शून्य!"

हॉलमधली मुलं वळून तिच्याकडं कीव करत बघायला लागली. एकीनं जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, "होतं असं, ताई." मेनफ्रेमवर शून्य म्हणजे एकही चूक नाही, हे चंद्रप्पांना सगळ्यांना सांगावं लागलं. काचेपलीकडं निजाम सर तिचे ओठ वाचून दरवानाला मिठी मारत होते.

महिन्याभरानं गादीच्या दुकानात फोन वाजला. निजाम सर कानाला रिसिव्हर लावून "हौ... हौ... हौ..." म्हणत राहिले, प्रत्येक "हौ" आधीच्यापेक्षा मोठा. यासेर लागला. उज्वला लागली. कंपाउंडरला पुढच्या वेळी परत बोलावलं होतं. सोमवारी नांदेडला हजर व्हायचं, आधी सहा महिने काम करत शिकायचं, मग कायम. कहकशांची खाला, म्हणजे मावशी, नांदेडला इतवाऱ्यात राहायची. तिच्याकडे राहायची सोय कहकशांनं तिथल्या तिथं, त्याच फोनवरून करून टाकली. माडीवर त्या दिवशी मशीन चाललीच नाही. पाचही खुर्च्या उठून नाचत होत्या.

त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला. मन्मथला मार्क चांगले होते, पण मेडिकलला पुरणार नव्हते. थोडक्यात गेलं. आप्पासाहेब आणि सिद्धराम शनिवारी लातूरला आले. आप्पासाहेबांनी येताना पेढे आणले होते. निकाल कळल्यावरही त्यांनी पुडा लपवला नाही, मधोमध ठेवला. मन्मथ भिंतीकडं तोंड करून बसला होता. आप्पासाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी. आणिक एक साल. सगळीच करत्यात. खोली हाय, वहिनी हाय. काय कमी हाय तुला?"

उज्वलानं सिद्धरामकडं बघितलं. सिद्धराम पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होता. ती वाट बघत होती. त्यानं दोरी सोडली, परत गुंडाळली.

शेवटी मन्मथच वळला. "आप्पा, वहिनीला नोकरी लागलीय. नांदेडला, कम्प्युटरवर. परवा हजर व्हायचंय."

आप्पासाहेबांनी सुनेकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. ते खूश झाले. खरोखर खूश झाले. "आमच्या सुनंला? मशीनवर? परीक्षा देऊन?" त्यांनी पेढा उचलून स्वतः तिच्या हातावर ठेवला. "ह्ये बघ रं सिद्धराम! आपल्या घरात आलं हे! सगळ्या चाकुरात सांगतो मी."

"सांगाच, आप्पा!" उज्वला म्हणाली. "यासेरबी लागला. आम्ही दोघं. रविवारी निघायचं, सोमवारी..."

"सोमवारी कसं?" आप्पासाहेब मायेनंच म्हणाले. "नोकरी कुठं पळतीय? ह्या पोराचं साल निघू दे. तवर हितंच ऱ्हा, क्लासला जा, पायजे तितकं शीक. मी कधी आडवलोय का?"

"ही भरती पुढच्या वर्षी न्हाई ऱ्हाणार, आप्पा," उज्वला म्हणाली. " दोन हजार साल आलं की संपलं."

"मी मेस लावतो, आप्पा," मन्मथ म्हणाला. "मला नको आहे कुणी रांधायला."

"तुला कोण इचारलं? मेसचं खाऊन डॉक्टर होत न्हाईत." आप्पासाहेब वळले. "सिद्धराम, तू सांग बाबा तिला. तुझी बायको हाय. तू म्हणशील तसं."

सगळे सिद्धरामकडं बघायला लागले. बाहेर बोळात कुठल्या तरी क्लासच्या निकालाचे फटाके फुटत होते. उज्वला त्याच्या ओठांकडं बघत होती. तो बोलणारच आहे असं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि मधल्या त्या वेळात ती फार सुंदर दिसत होती.

सिद्धराम म्हणाला, "आप्पा म्हणतात तर... एक वर्षाचाच तर प्रश्न हाय."

फटाक्यांची माळ संपली. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि स्वतःसाठी पेढा उचलला. मन्मथ काहीतरी म्हणायला लागला, सिद्धरामनं त्याला हातानं गप्प केलं, मग दोघंही एकदम बोलायला लागले, आणि आप्पासाहेब दोघांना दटावायला लागले.

उज्वला उठली. दोरीवरची हिरवी साडी काढली, घडी घातली. खुंटीवरची पिशवी घेऊन साडी तीत भरली, वर कंगवा टाकला. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं; तिच्याविषयीच बोलत होते. तिनं हातातला पेढा तोंडात टाकला, चपला पायांत सरकवल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि दाराबाहेर पडून एसटी स्टँडच्या वाटेला लागली.